लाल राहिलेलं

सोमवार, ३
नव्या नोकरीवर आलो एकदाचा! खिडकीजवळचं टेबल मिळालं, खुर्ची करकरत नाही आणि चहाचं यंत्र हाकेच्या अंतरावर. आणखी काय हवं? आमच्या टीमप्रमुखांना सगळे हेडमास्तर म्हणतात. मीही लगेच म्हणायला लागलो. काम असं: आमच्या जावा प्रोग्रॅमची जुनी आणि नवी आवृत्ती एकाच चाचणीत शेजारीशेजारी चालवायची. कोडच्या ज्या ओळी चालल्या त्या रिपोर्टमध्ये हिरव्या, न चाललेल्या लाल. लाल राहिलेलं शुक्रवारी काढून टाकतात. संध्याकाळी आईला फोन करून हे सगळं सांगितलं. तिला ओ की ठो कळलं नाही, पण हुं हुं करत शेवटपर्यंत ऐकलं. या नव्या गावात माझं ऐकणारं आहे कोण?

मंगळवार, ४
घोळ सापडला. चाललेल्या ओळी मोजणारं साधन आवृत्ती नावावरून ओळखतं आणि दोन्ही आवृत्त्यांचं नाव एकच. त्यामुळे एकीचंच चालणं नोंदलं जातं. दुसरी डोळ्यांसमोर चालत असली तरी रिपोर्टमध्ये लालच. वेगळी ओळख देऊ या का, असं हेडमास्तरांना विचारलं. ते म्हणाले, कशाला डोक्याला ताप, एक हिरवी दिसतेय ना, झालं तर मग. मीही मान डोलावली.

बुधवार, ५
ऑफिसच्या दाराला माझं कार्ड लागेना. रखवालदाराने दार उघडून दिलं, म्हणाला, साहेब, तुम्ही तर मघाशीच आत गेलात. टेबलावर माझ्या कपात अर्धा चहा, अजून गरम. आजचं काम झालेलं, अगदी माझ्याच पद्धतीने.
संध्याकाळी आई म्हणाली, अरे, आत्ताच तर बोललास, किती वेळा फोन करशील? थट्टेवारी नेलं. पण घाबरलोय.

गुरुवार, ६
हेडमास्तरांना हाका मारल्या. मान वर केली नाही. माझ्या खुर्चीत कुणीतरी पाठमोरं — शर्ट माझा. पुढे जाऊन चेहरा बघायचा धीर —
आईने फोन उचलला. कोण बोलतंय, कोण, म्हणत राहिली. मी ओरडत होतो. तिने ठेवून दिला.

शुक्रवार, ७
उभ्यानेच लिहितोय. तो आईशी बोलतोय. ती हसतेय, फोनमधून इथवर ऐकू येतंय. मला तिला इतकं हसवणं कधी —
हेडमास्तर त्याच्यामागे येऊन थांबले. लाल राहिलेलं काढून टाकू ना, विचारतायत.
त्याने मान डोलावली. मी डोलावली होती, अगदी तशीच.
आई, फोन ठेवू नकोस, मी इथे मागे —