शेवटच्या प्रकरणाला गाणं नव्हतं

जॉयकुट्टी,

'प्रिय' लिहिणार होते, पण तो शब्द आता रीनाकडेच असू दे.

काल तुझी अम्मच्ची तुझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट घेऊन आमच्याकडे आली. "एल्सी, माझ्या लेकाच्या लग्नाला तर आली नाहीस, निदान हे तरी बघ," म्हणाली. बसले.

तू चर्चच्या पायऱ्या चढलास आणि मागे बासरी सुरू झाली. ती मी लगेच ओळखली. साप्ताहिकातल्या आपल्या कादंबरीत ती दोघं रबराच्या मळ्यात भेटतात, त्या पहिल्या प्रकरणासाठी मीच ती निवडली होती. मग होडीचं गाणं, मग पावसातलं. बारा शुक्रवार आपण ती कादंबरी वाचली आणि प्रकरणागणिक एकेक गाणं शोधून मी तुझ्यासाठी कॅसेट भरून घेतली. तू ती सरळ व्हिडिओवाल्याला दिलीस. लग्नासाठी वेगळी गाणी निवडायचेही कष्ट घेतले नाहीस.

फक्त शेवटच्या प्रकरणाला मी गाणं दिलं नव्हतं. तिथे तो विचारतो आणि ती गप्प राहते. कॅसेट भरणाऱ्या दुकानदाराला म्हटलं होतं, तिथे टेप नुसती कोरी फिरू दे.

तू रीनाच्या गळ्यात मंगळसूत्राचा मिन्नू बांधायला घेतलंस आणि आवाज बंद झाला. अम्मच्चीने टीव्हीला दोन थपडा मारल्या. "मेल्याने नेमकं इथेच बिघडवलंय. असं कसं गं झालं?"

मी गप्प राहिले.

आता ती कॅसेट दुरुस्तीला टाकणार आहे. टाकू दे. बिघाड कुठे आहे ते सांगायला हे पत्र मी पाठवणार नाही.

एल्सी