शनिवार-रविवारचा जावई

रविवार, ६ मे २००७. हॅरो

संपवली एकदाची! बहिणीच्या लग्नाला एकटं जायची लाज वाटते म्हणून नायिका ऑफिसातल्या खडूस माणसाला खोटा प्रियकर करून नेते. आधी नियम ठरतात – हात धरायचा तो फक्त चारचौघांत, चुंबन गरजेपुरतं, प्रेमात पडायचं नाही. शेवटचा नियम वाचला की पुस्तक मिटलं तरी चालतं. मी मिटलं नाही.

जानेवारीपासून लायब्ररीतलं ते गुलाबी शेल्फ रिकामं करत आणलंय. काउंटरवरच्या बाईला सांगून ठेवलंय की मी लेखिका आहे, आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात या पुस्तकांची सालटी काढणार आहे. "ऑफ कोर्स यू आर, लव्ह," म्हणाली. आणि पुढची तीन काढून दिली.

दुपारी आईचा पुण्याहून फोन. शनिवारी येतेय! महिनाभर. यंदा अधिक महिना आहे, जयंतरावांना अनारशांचं वाण द्यायचंय, आणि तेही स्वतःच्या हाताने. "पुढचा अधिक तीन वर्षांनी गं. तेव्हा मी असेन का?" शहात्तराव्या वर्षी हा प्रश्न टाकला की समोरच्याची वाचा बसते, हे तिला पक्कं ठाऊक.

जावयाला वाण. आणि जावई जानेवारीपासून रीडिंग गावात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये!

आईला यातलं काही माहीत नाही. भांडण नाही, दुसरी बाई नाही (मी चौकशी केली). एका रविवारी जेवताना जयंत म्हणाला, "आपण हल्ली बोलतच नाही." मी म्हटलं, "मग जा." तो गेला. एवढा आज्ञाधारक तो सव्वीस वर्षांत कधी नव्हता.

मंगळवार, ८ मे

जयंतला फोन केला. "म्हणजे नवराबायकोचं नाटक करायचं म्हणतेस?" मी म्हटलं, एक महिना. शुक्रवारी संध्याकाळी यायचं, सोमवारी सकाळी जायचं. आईला सांगायचं की ऑफिस रीडिंगला आहे, एम-फोर हायवेचं ट्रॅफिक झेपत नाही, म्हणून आठवडाभर तिकडे राहतो. ऑफिस तिकडे आहेच. अर्धं खोटं आपोआप खरं आहे.

"आणि वाण?"

"घ्यायचं, नमस्कार करायचा. पूर्वी घेतलंस तसंच."

"बघतो."

ऋजुताला केंब्रिजला कळवलं. लेक रिसर्च करते, त्यामुळे शंका फार. "आई, धिस इज इन्सेन! आजीला खोटा सांगणार तू? आणि आजी मला विचारला तर?" म्हटलं, आजी तुझं मराठी ऐकून मूळ प्रश्न विसरेल.

शनिवार, १२ मे

आई आली. विमानतळावर जयंत वेळेवर होता, इस्त्रीचा शर्ट घालून. वाकून नमस्कार केला. मी "अहो, ट्रॉली घ्या ना" म्हटलं. एरवी आमचं अरे-तुरे, पण आईपुढे पहिल्यापासून अहो. म्हणजे या नाटकाची तालीम सव्वीस वर्षं चालूच होती म्हणायची.

रविवार, १३ मे

जयंत नट म्हणून भिकार आहे. सकाळी आईसाठी कौतुकाने चहा करायला उठला आणि साखरेचा डबा शोधत स्वयंपाकघरभर फिरला. डब्यांच्या जागा मी फेब्रुवारीत बदलल्या होत्या! आई बघतेय. हा शेवटी म्हणाला, "ही सारखी डबे हलवत असते हो."

कादंबरीतला नायक कधी साखर शोधत नाही. त्याच्या छातीवर बटण तुटतं, एवढीच त्याची अडचण.

मी दूध आणायला गेले. परत आले तर दोघं मागच्या बागेत गप्प बसलेली. आईने विचारलं, "तुमच्याकडे गुलाबाला फवारणी करत नाहीत का?" हुश्श.

शुक्रवार, २५ मे

आईने बुधवारी तांदूळ भिजत घातले. रोज पाणी बदलतेय. आज उपसले. वाळवायचे कुठे? ऊन नको, वारं हवं, आणि "तुमच्या त्या हीटरचा वास तर नकोच नको." तिने घर हिंडून जागा निवडली – आमची बेडरूम. पलंगाच्या डाव्या अंगाला, खालच्या गालिच्यावर, धोतर अंथरून.

नेमकी तीच जागा जयंतच्या झोपण्याची! दार लावून तो तिथे सतरंजी टाकतो, दोन आठवडे हेच चाललंय. म्हटलं, आई, तांदूळ हॉलमध्ये पसरू. "हॉलमध्ये पायदळी येतील. इथे कोण येतंय?"

खोट्या प्रेमाच्या प्रत्येक कादंबरीत एक हॉटेल असतं, वादळ असतं आणि खोलीत एकच पलंग असतो. लेखिकांना दुसरं काही सुचत नाही, असं मी टिपणात लिहिलं होतं. हॅरोला वादळाची गरज पडली नाही. किलोभर तांदूळ पुरले.

शनिवार, २६ मे

मध्ये उशी ठेवली होती. तो घोरला. अजून तसाच, सुरुवातीला शिट्टी आणि मग बैलगाडी.

मला झोप छान लागली. हे इथेच लिहायचं, कुठे बोलायचं नाही.

सोमवार, २८ मे (बँक हॉलिडे)

आई म्हणाली, "लग्न झाल्यावर पहिल्यांदा राहिलात ते घर दाखवा." वील्डस्टोनला गेलो. मिसेस डॉयल यांच्या घरातली वरची खोली. त्या जाऊन किती वर्षं झाली! दार निळं होतं, आता पांढरं प्लॅस्टिकचं आहे. खिडकी तीच.

एक्क्याऐंशीचा फेब्रुवारी. लग्नाला दोन महिने झालेले, त्यातले सहा आठवडे तो इकडे आणि मी तिकडे. नवऱ्याची मला एवढीच माहिती की तो चहात साखर फार घालतो आणि खोटं बोलताना कान चोळतो. पहिल्याच दिवशी मिसेस डॉयलनी विचारलं, "ते आईबापांनी ठरवलेलं लग्न म्हणतात, तसं तर नाही ना तुमचं, पोरी?" चेहरा इतका कळवळलेला, की जयंत म्हणाला, "नो नो, लव्ह मॅरेज!" आणि कान चोळला.

मग काय, तपशील पुरवणं आलं. तो म्हणे माझ्या कॉलेजच्या फाटकासमोर सायकलवरून पडला होता. मला बघून. दर रविवारी त्या वर चहाला यायच्या आणि गोष्ट पुन्हा सांगायला लावायच्या. दर खेपेला जयंतला जास्त लागायचं. आधी गुडघा, मग कोपर, मार्चपर्यंत दोन टाके पडले. मी रुमाल बांधल्याचं घातलं. तो म्हणाला, रुमाल अजून जपून ठेवलाय. मिसेस डॉयल डोळे पुसत खाली गेल्या की आम्ही उशीत तोंड खुपसून हसायचो. खालीच राहायच्या ना! आवाज गेला असता.

तेव्हा आम्हाला एकमेकांशी बोलायला दुसरं होतं काय? ती खोटी गोष्ट रचता रचताच ओळख झाली. एप्रिलमध्ये कधीतरी मी त्याच्या गुडघ्यावर खरोखर व्रण शोधला होता.

आज फुटपाथवर उभं राहून जयंतने आईला हे सगळं सांगितलं. टाक्यांसकट. ऐकताना मी मध्येच बोलले, "रुमाल निळा होता." तो थांबला. "पांढरा." "निळा!" "बरं, निळा."

आई हसून हसून गाडीला टेकली. "अरे चोरांनो! पत्रिका मी जुळवली, मुलगा बघायला दोनदा नागपूरला मी गेले, आणि इकडे येऊन श्रेय सायकलला?"

परत येताना गाडीत कोणी फार बोललं नाही. पण ते गप्प बसणं जानेवारीतल्यासारखं नव्हतं.

रविवार, ३ जून

नवी कादंबरी. यात करार कागदावर आहे. शेवटून दुसऱ्या प्रकरणात बिंग फुटतं, सगळे रडतात. ठरलेलंच. मी मात्र आमचं बिंग फुटायची वाट बघतेय आणि ते फुटतच नाही.

वाण पुढच्या रविवारी. आई म्हणाली, "तुम्हा दोघांना शेजारी बसवून देणार. अधिकात लेक-जावई म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा." मी देवाचं काही करत नाही. पण ती करते. शहात्तर वर्षांची बाई गुडघे धरून उभी राहणार, आणि ज्याला हात जोडणार तो जोडा जागेवर नाही. मंडळातल्यांना फसवणं वेगळं, ते मी आनंदाने करते. हे मला गिळता येईना.

आईला आधी सांगायचं. ठरलं.

शनिवार, ९ जून

नाही सांगितलं! प्रयत्न केला. आई शेगडीशी होती. खसखशीवर अनारसे थापत होती, मी झारा धरून शेजारी.

"आई, जयंतबद्दल एक सांगायचंय."

"तुपाकडे बघ."

"ऐक ना. आम्ही दोघं..."

"सुचे, हसला बघ तो!" अनारसा तुपात विरघळून जाळी जाळी झाला. म्हणजे हसला. पीठ सैल झालं होतं. ती चमचाभर तांदळाची पिठी घालून पुन्हा मळायला बसली. "वाणाचे होऊ देत. मग काय ते बोल."

मी झारा धरून उभी राहिले. मंडळात म्हणतात, सुचेताच्या जिभेला हाड नाही. आज जीभच नव्हती.

रविवार, १० जून

झालं वाण.

ऋजुता केंब्रिजहून आली होती. पाट नाहीत, म्हणून दोन चौकोनी उशा. जयंतने कपाटातला रेशमी सदरा काढला. तो रीडिंगला नेला नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईने दोघांना कुंकू लावलं, पितळी ताटात अनारसे, वर तुपाचा दिवा, आणि ताट त्याच्या हातात दिलं. ताट एका अंगाला कललं, दिवा घसरायला लागला, म्हणून मी खालून ताटाला हात लावला. आई म्हणाली, "असंच. तिचा हात लागायला हवाच."

मग तो नमस्काराला वाकला. वाकला तो उठेचना. कपाळ तिच्या पायांवर. मला वाटलं, आता जास्त होतंय, एवढं नाटक ठरलं नव्हतं. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "सुखी राहा. जिथे असाल तिथे."

ऋजुता माझ्या कानात, "आई, बाबा रडली."

धुराने, मी म्हटलं.

शनिवार, १६ जून

आईला सोडून आलो. नाही सांगितलं. आत जाताना तिने मागे वळून दोघांना एकत्र नीट बघून घेतलं, आणि मी दात काढून हसले.

जयंतने मला घरी सोडलं. इंजिन चालूच ठेवलं होतं. "चल मग." "चल." गाडी रस्त्याच्या टोकाला वळेपर्यंत मी कचऱ्याचे डबे नीट लावत होते. ते नीटच होते.

लायब्ररीची पुस्तकं परत केली. नवीन घेतली नाहीत. बाई म्हणाली, "लेख झाला लिहून?" म्हटलं, विषयात दम नाही.

बुधवार, २० जून

सकाळी आईला फोन लावला. आधी हवापाणी, मग गुडघे. मग एका दमात सांगून टाकलं – जानेवारी, रीडिंग, सगळं. वाण खोट्या जोड्याला दिलंस, मला माफ कर.

"मला माहीत आहे गं."

"कधीपासून?"

"तू दूध आणायला गेलीस तेव्हापासून. जयंतराव म्हणाले, आई, मी इथे राहत नाही. तुमच्याकडून वाण घेण्याचा मला अधिकार नाही, आणि खोटं बोलून तर घेणारच नाही. सुचेताला कळू देऊ नका, तिने फार धडपडून जमवलंय."

मी खुर्ची ओढून बसले.

"मग?"

"मग काय? म्हटलं, अधिकाराचं मी बघते. माझा जावई कोण ते रीडिंगवरून ठरत नाही. तुम्ही फक्त दर शुक्रवारी येत जा."

म्हणजे महिनाभर नाटक चालू होतं ते माझ्यापुढे. आणि मी विंगेतून सूचना देत होते!

"तांदूळ पण?" मी विचारलं.

"तांदळाला वारं लागतंच," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

शुक्रवार, २२ जून

संध्याकाळी सातला बेल वाजली. आई पुण्यात, ऋजुता केंब्रिजला. बघायला कोणी नाही.

त्याच्याकडे किल्ली आहे. तरी बेल. बॅग हातात नाही, गाडीतच ठेवली असावी. म्हणाला, "आत येऊ का?"

मी फक्त बाजूला झाले.