बबनला सांगितलेलं खोटं

कर्जत, मंगळवार, संध्याकाळ

आज खोटं बोललो. तेही बबनशी.

चर्चची गाणी रेकॉर्ड करायचा आमचा घरातला जुना कॉम्प्युटर दुपारपासून मुका होता. माइकसमोर पेटी वाजवत होतो, पण पडद्यावरची हिरवी पट्टी हलेना. हे सगळं बबननेच बसवलेलं. तबला वाजवायचा तोच, वायरी जोडायचा तोच. मुलाकडे नाशिकला गेला त्याला वर्ष झालं. मी एकदाही फोन केला नाही. का केला नाही?

शेवटी आज केला. स्पीकरवर टाकून माइकशेजारी ठेवला.

"मास्तर, सेटिंगमधी जा. साउंड कार्ड कोनतं निवडलंय?"

पाहिलं तर आवाज घ्यायला सॉफ्टवेअरने कॉम्प्युटरच्या आतलंच कार्ड धरलं होतं, बाहेर जोडलेलं आमचं नाही. ते बदललं. पट्टी लगेच हलली.

"झालं का?"

"नाही रे," म्हणालो. कसं तोंडातून गेलं कोण जाणे. झालं म्हटलं असतं तर त्याने फोन ठेवला असता, आणि घरात पुन्हा मी एकटा.

मग त्याने वायर काढून घालायला लावली, कॉम्प्युटरच्या आणखी दोन-तीन खिडक्या उघडायला लावल्या. मधेच नातवाचा खोकला सांगितला. तबला तिकडे बांधूनच ठेवलाय म्हणाला. तो बोलेल तशी हिरवी पट्टी उड्या मारत होती.

अर्ध्या तासाने तो थांबला. "मास्तर, तुमच्या कॉम्प्युटरच्या स्पीकरातून माजाच आवाज मला परत ऐकू येतोय. लई वेळ झाला ऐकतोय."

मी घाईने त्या स्पीकरचा आवाज कमी केला.

"असू द्या," तो म्हणाला. "आता दुसरी वायर काढून बघा."