हरलेल्यानं आधी बोलायचं

पप्पा, शनिवारी इथल्या सूर गावच्या कॉलेजनं आम्हाला एक-शून्यनं हरवलं. आम्हाला म्हणजे तुमच्या नातवाच्या कॉलेजला. पण मी 'आम्हाला'च म्हणते. तुम्हीही तसंच म्हणायचात, वसईच्या ज्या कॉलेजची पायरी तुम्ही कधी चढला नव्हतात त्याच्याबद्दल. हा नातू तुम्ही पाहिलेला नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी नर्सिंगच्या हॉस्टेलवर होते, आणि लग्न, मस्कतचा व्हिसा, इथल्या बरका गावातलं क्लिनिक हे सगळं नंतरचं. तर तो आता कॉलेजात आहे, उंचीनं तुमच्यावर गेलाय आणि गोलकीपर आहे. इथं पाच-सहा छोट्या कॉलेजांची आपापसात फुटबॉलची लीग चालते. पेपरात तिची ओळसुद्धा येत नाही. मैदान मातीचं, धूळ बसावी म्हणून मॅचआधी टँकरनं पाणी मारतात, आणि बघायला पोरांचे भाऊ, बसचे ड्रायव्हर आणि मैदानाशेजारच्या गॅरेजमधली माणसं. एवढ्याशा लीगवरून चहाच्या दुकानासमोर आम्ही दर शनिवारी संध्याकाळी इतकं भांडतो की तुम्ही असतात तर खुर्ची ओढून मधोमध बसला असतात.

तुम्ही मस्कतहून रजेवर यायचात तेव्हाचे पहिले दोन-तीन दिवस मला अजून आठवतात. एक परका माणूस घरात हिंडतोय, त्याच्या शर्टाला वेगळ्याच साबणाचा वास येतोय, आणि मम्मी मला पुढे ढकलत म्हणतेय, अगं पप्पा आहेत ते, जवळ जा. मी जात नसे. तुम्हालाही काय बोलावं ते सुचत नसे. शाळा कशी आहे, असं तुम्ही विचारायचात आणि मी म्हणायचे, बरी. झालं, संपलं. मग रविवार उजाडे. मिस्सा झाली की चर्चमागच्या मैदानावर कॉलेजांच्या मॅचेस असत आणि तुम्ही मला कंपाउंडच्या भिंतीवर बसवून स्वतः खाली उभे राहायचात. तिथं तुमची जीभ सुटायची. तुमच्या आजूबाजूला शेजारपाजारचे बाप्ये जमत, आणि मॅच संपल्यावर खरी मॅच सुरू होई. एकदा आपलं कॉलेज हरलं तेव्हा मी भिंतीवरून ओरडले होते की रेफरी चोर आहे. सगळे हसले, तुम्ही नाही हसलात. तुम्ही वर बघून म्हणालात, "रेफरीला शिव्या घालून गोल परत येत नाही. हरलेल्यानं आधी बोलायचं, आणि त्यांचा कोण चांगला खेळला ते सांगायचं. ते सांगितलंस की मग काय ते रड." सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला इतका राग आला होता की घरी येईपर्यंत मी तुमचं बोट धरलं नाही.

घरी आल्यावर तुम्ही स्वयंपाकघरात शिरलात आणि मम्मीला बाहेर काढलंत. हात हॉटेलातल्या कुकचा, त्यामुळे चार माणसांना पातेलंभर खिमा. कांदा चिरताना तुमची सुरी बघण्यासारखी असे, पण मीठ मात्र तुम्ही अख्ख्या पंगतीचं टाकायचात आणि मग बटाटे घालत बसायचात. मी दारात तोंड पाडून उभी. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "त्यांचा लेफ्ट साइडचा पोरगा चांगला होता ना?" मी म्हटलं, "नव्हता. त्यांचा बुटका चांगला होता." तुम्ही सुरी थांबवलीत. का, म्हणून विचारलंत. आणि मी सांगत सुटले. तो बुटका कसा नेहमी मोकळ्या जागेत जातो, त्याला कुणी बॉल देत नाही तरी तो कसा धावतोच. मी बोलतेय आणि तुम्ही ऐकताय, खिमा खाली लागायला आलाय आणि मम्मी बाहेरून ओरडतेय. त्या दिवसापासून तुम्ही माझे पप्पा झालात. त्याआधी तुम्ही मनिऑर्डर होतात, रागावू नका.

हे सगळं आत्ताच का आठवतंय ते सांगते. गेली दोन वर्षं तुमचा नातू माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही हो. उलट बोलणं नाही, दार आपटणं नाही. विचारलं तर ओके म्हणतो, फाइन म्हणतो, मम्मी चिल म्हणतो आणि कानात वायरी खुपसतो. लहानपणी त्याची अखंड बडबड चालायची, अर्धी मराठी, अर्धी इंग्लिश, मधेच हिंदी. आता घरात मी मराठीत बोलते आणि तो खांदे उडवून उत्तर देतो. एखादा पेशंट तोंड उघडायला तयार नसतो ना, तसं झालंय. त्याच्या डॅडींना यात काही वावगं दिसत नाही. ते पहाटे कंपनीच्या बसनं रुसैलच्या फॅक्टरीत जातात, इथली शनिवारची सुटीही त्यांना नाही, आणि रात्री म्हणतात की मुलगे असेच असतात. असतील. पण ज्या घरात बाप परका होता म्हणून मी रडले, त्याच घरातल्या मुलीला आता मुलगा परका व्हायला लागला, हे काही मला गिळता येत नाही. रात्री शेजारच्या खोलीत तो मित्रांशी फोनवर हसतो तेव्हा मला बरंही वाटतं आणि जळतही.

मॅचला जावं तर तिथंही त्यानं बंदी केलीय. त्यात थोडा दोष माझ्या पेशाचा. पहिल्या मॅचला मी क्लिनिकमधून तशीच युनिफॉर्मवर गेले होते. त्याचा गुडघा फुटला, रक्त दिसलं, आणि माझे पाय आपोआप आत गेले. भर मैदानात मी त्याला बसवून जखम धुतली, पट्टी बांधली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंयस ते विचारलं. दोन्ही टीम्स उभ्या राहून बघत होत्या. घरी येऊन तो शांतपणे म्हणाला, "मम्मी, प्लीज, ग्राउंडवर येऊ नको." तेव्हापासून मुलाची खबर मला चहाच्या दुकानात मिळते.

दुकान आमच्या क्लिनिकच्या पुढच्या वळणावर आहे. दुकानाचे मालक श्रीवर्धनकडचे, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. तुमच्या वेळीही असेल ही पद्धत, इथं चहासाठी गाडीतून उतरत नाहीत. दुकानासमोर गाडी लावायची, हॉर्न द्यायचा, की करक, म्हणजे कडक दुधाळ चहाचे कागदी कप खिडकीशी येतात. मी बाईमाणूस, आत पुरुषांच्या गर्दीत बसायला नको वाटतं, म्हणून मी गाडीतच बसते आणि काच खाली करते. चाचा चहा घेऊन स्वतः येतात. मागोमाग कॉलेजच्या बसचा ड्रायव्हर येतो, तो रत्नागिरीचा, पोरांना तोच मैदानावर ने-आण करतो, त्यामुळे एकही मॅच त्याच्या नजरेतून सुटत नाही. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या माझ्या दाराशी लागतात आणि शुक्रवार-शनिवारच्या सगळ्या मॅचेसची चिरफाड सुरू होते. चाचा चाळीसेक वर्षांपूर्वी सुतार म्हणून सूरला उतरले, तिथं लाकडी गलबतं बांधली, म्हणून त्यांचं मन सूरच्या कॉलेजात. ड्रायव्हर आमच्या कॉलेजचा. निझव्याच्या कॉलेजला कुणी वाली नाही, त्यामुळे त्याला दोघेही शिव्या घालतात.

पहिल्याच महिन्यात दोघे इतके हमरीतुमरीवर आले की चहा थंड झाला. तेव्हा मी तुमचा नियम सांगितला. हरलेल्यानं आधी बोलायचं, आणि दुसऱ्याचं चांगलं सांगून सुरुवात करायची. चाचांनी दाढीवरून हात फिरवला. "कोणाचा हा कायदा, सिस्टर?" मी म्हटलं, माझ्या वडिलांचा, इथंच मस्कतला हॉटेलात कुक होते. "मग खलास," चाचा म्हणाले, "गल्फच्या माणसाचा कायदा. हाच चालणार." तेव्हापासून बरक्याच्या त्या वळणावर तुमचा कायदा चालतो, पप्पा. सूर हरलं की चाचांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होतो, पण आधी समोरच्यांचं कौतुक करतात. ड्रायव्हरला ते जड जातं. तो कौतुकही असं करतो की त्यापेक्षा शिवी परवडली.

या शनिवारी बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या नंबरावर गेलो असतो. मी ड्युटी संपवून गाडी लावली, हॉर्न दिला, चहा आला. चाचांना फोनवर निकाल कळलेला होता, पण कायदा म्हणजे कायदा, ते तोंड मिटून खुर्चीवर बसून राहिले. नुसते मिशीत हसत होते, त्यावरून मी समजले. थोड्या वेळानं कॉलेजची बस आली. ड्रायव्हर उतरला, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नजर फिरवली. गोल कुणाच्या चुकीनं झाला ते त्या नजरेत लिहिलेलं होतं.

"बोल," चाचा म्हणाले.

"ग्राउंडवर पाणी जास्ती मारलेला, सिस्टर," ड्रायव्हर माझ्याकडे न बघता म्हणाला. "बॉल सटकत होता नुसता."

"पाणी काय एकाच गोलपुढं मारलेला? नाचता येईना अंगण वाकडं. आधी आमच्या पोरांचा चांगला काय ते बोल."

ड्रायव्हरला माझ्या मुलाला वाचवायचं होतं आणि कायदाही मोडायचा नव्हता. बिचारा टोपी काढून घालत होता. तेवढ्यात माझ्या शेजारचं दार उघडलं आणि तुमचा नातू आत येऊन बसला. अंगभर माती, हातमोजे तसेच. हा पोरगा एरवी बसमधून परस्पर मित्रांबरोबर जातो, चाचांच्या दुकानाकडे ढुंकूनही बघत नाही. माझी जीभ मी दातांखाली धरून ठेवली, हे माझ्यासाठी किती कठीण आहे ते तुम्हाला माहीत आहे.

"हा बोलंल," ड्रायव्हर सुटकेचा श्वास टाकून म्हणाला. "हरलेला हा हाय."

मला वाटलं, आता हा खांदे उडवणार. त्यानं समोरच्या काचेतून बाहेर बघितलं. मग तो मराठीत बोलायला लागला. चाचांसाठी असेल, किंवा तिथं सगळे मराठीतच बोलत होते म्हणून असेल. एकेक शब्द शोधत, अडखळत.

"त्यांचा सात नंबर चांगला आहे," तो म्हणाला. "कॉर्नर आला ना, तेव्हा तो... तो मला बघतच नव्हता. फक्त बॉल बघत होता. मी त्याला बघत होतो. की हा काय करेल. म्हणून मी लेट झालो."

"पुढे आलास का?" चाचांनी विचारलं. आवाजात चेष्टा नव्हती.

"आलो. हात पण लावला असता. पण मध्ये मला वाटलं, परत जावं. मग मी ना पुढे, ना मागे. असा मधेच." त्यानं दोन्ही हातांनी मधेच म्हणजे कुठे ते दाखवलं. "तो भीत नव्हता, अंकल. मी भीत होतो."

चाचांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "सूरला आम्ही गलबत पाण्यात ढकलायचो. अर्ध्यात थांबला तर मोडतो. ढकलायचा तर पुरता ढकलायचा, नायतर हातच लावूचा नाय. पुढल्या टायमाला पुढे ये. चुकलास तरी पुढे ये, इन्शाल्ला." आणि वळून दुकानातल्या माणसाला म्हणाले, "कीपरला चहा आण. साखर जास्ती."

त्यानं चहा घेतला आणि बोलत राहिला. सूरच्या टीमची फळी कशी उभी असते, आमचे डिफेंडर एकमेकांशी कसे बोलत नाहीत, निझव्याचा कीपर कसा नाटकी आहे. ड्रायव्हर मधे मधे भर घालत होता, चाचा वाद घालत होते, आणि मी स्टिअरिंगवर हात ठेवून नुसती ऐकत होते. घरी जातानाही तो बोलत होता. जेवताना त्याच्या डॅडींना सगळी मॅच पुन्हा सांगितली, ताटाच्या कडेला भाताची शितं मांडून. मधेच तो मला म्हणाला, "मम्मी, यू नो, तुला कळतं फुटबॉल." मी म्हटलं, थोडं थोडं. मग उठून सिंकपाशी गेले, नळ सोडला आणि रडून घेतलं. तुमची फार आठवण आली हो. तुम्ही आणखी काही वर्षं तरी राहायला हवं होतंत. आपलं बोलणं आत्ता कुठे सुरू झालं होतं.

रविवारी तो पुन्हा ओके आणि फाइनवर आला. मला वाटलंच होतं. एका चहानं दोन वर्षं भरून निघत नाहीत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, पण टेबलावरही ठेवणार नाहीये. शाळेत हिंदी होतं त्याला, देवनागरी अडखळत का होईना वाचता येते, आणि हे त्यानं वाचलेलं मला चालणार नाही. कारण त्या संध्याकाळी तो मातीनं भरलेला माझ्या शेजारी येऊन बसला तेव्हा मला बरं वाटलं, ते हरले म्हणून. जिंकले असते तर तो बसमध्ये नाचत पुढे निघून गेला असता आणि मी खिडकीतून हात केला असता. अजून एक मॅच बाकी आहे, पुढच्या शनिवारी. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे इथं रविवारऐवजी शुक्रवारी होणाऱ्या मिस्सेला, मी त्यांच्या विजयासाठी मेणबत्ती लावणार आहे, त्याला तसं सांगूनही झालंय. ती मनापासून लावीन की नाही, ते मात्र पप्पा, मला आत्ता सांगता येत नाही.