बावीस गुणांचे आमदार

चिंचवड,
ता. १९ फेब्रुवारी १९५८

तीर्थस्वरूप चिमाजीमामा यांच्या सेवेशी,

भाचा सोपान याचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. तुमचा गुडघा आणि मामींचा राग दोन्ही उतारावर असतील अशी आशा करतो. (राग उतरला नसल्यास हे पत्र त्यांना वाचून दाखवू नये.) तुमच्या माण गावी टपाल रोज पोचत नाही, म्हणून सगळं एकदमच लिहितो.

आमच्या इंदूचं लग्न जमलं! तुम्ही पत्रिका पाहून तीन स्थळं नाडीवर परत पाठवलीत, तेव्हापासून घरात कुणाला जेवण गोड लागत नव्हतं हे तुम्हाला ठाऊक आहेच. (दोष देत नाही. पंचांगापुढे तुम्ही सख्ख्या भाच्यालाही ओळखत नाही, याचा मला अभिमानच आहे.) पण जमलं कसं ते ऐका.

मी वखार सांभाळून व्यापारी मंडळाची चिटणिशी करतो. मंडळ निःपक्ष आहे, तसं नियमावलीत पहिल्याच ओळीत छापलं आहे. यंदा मंडळाने ठरवलं की, आपल्या बाजूच्या चारही आमदारांनी व्यापारउदिमासाठी काय केलं ते तपासून त्यांना गुण द्यायचे, मग कोण कुठल्या पक्षाचा ते पाहायचं नाही. किती गुणांपैकी, यावर दोन सभा मोडल्या. शंभर म्हटलं तर अर्ध्या सभासदांना टक्केवारी जमेना. शेवटी मी तोडगा काढला की, छत्तीस गुण घराघरात समजतात, अठराच्या खाली नापास हे बायकापोरांनाही कळतं, तेव्हा छत्तीसच धरा. पत्रिकेत जशी आठ कलमं एकापासून आठपर्यंत चढत जातात, तशीच आम्ही धरली. सभेला हजेरी एक, पत्राला उत्तर दोन, नवी वजनं-मापं तीन, स्टेशनचा मालधक्का चार, जकात पाच, वीज सहा, रस्ता सात, आणि नाडीच्या जागी आठ गुणांचा विक्रीकर. टाळ्या पडल्या. मामा, तुमच्या भाच्यासाठी टाळ्या पडल्या.

आमदार मारुतराव पहिले आले. विजेला शून्य (माझ्या वखारीत अजून हातकरवतच चालते), विक्रीकर वाढवायला हात वर केला म्हणून तिथेही शून्य, बाकी सगळे पुरे. एकूण बावीस. पत्रक छापायला दिलं, तर छापखान्यात लग्नसराईमुळे कडेला कलश आणि आंब्याची पानं असलेलाच ठसा मोकळा होता, आणि कागद उरला होता तो हळदी रंगाचा. वर गणपती त्यांनी आपणहून घातला. मजकूर माझा: 'आपले छत्तीसपैकी बावीस गुण जुळले. मंडळी समाधानी आहेत. पुढील बोलणी करण्यास केव्हाही यावे.' त्याखाली बारीक टाइपात आठही कलमांचे गुण (विक्रीकर 'नाडीच्या जागी' असं लिहून), माझी सही आणि वखारीचा पत्ता. मारुतराव अधिवेशनाला मुंबईला गेलेले, त्यामुळे पाकीट घरी त्यांच्या पत्नी आक्काबाईंच्या हाती पडलं.

चौथ्या दिवशी वखारीपुढे बैलगाडी थांबली. आक्काबाई, सोबत चार बायका, नारळ, आणि त्यांचा धाकटा ज्योतीराम. (पिंपरीच्या पेनिसिलिनच्या कारखान्यात आहे. निर्व्यसनी.) मी अंगावरचा भुसा झटकत पुढे झालो. मला वाटलं, गुण कमी पडले म्हणून भांडायला आले. म्हणून मीच आधी सांगितलं की दोन गोष्टी सोडल्या तर आम्हाला काही तक्रार नाही. आक्काबाई म्हणाल्या, "दोन गोष्टी सोडाव्याच लागत्यात. आमी बी सोडू." मी धीर येऊन म्हटलं की आम्ही दरवर्षी नव्याने गुण काढणार आहोत. तेव्हा बाईंनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, पदर तोंडाला लावला, आणि मुलगी कुठं हाय म्हणून विचारलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं, देवाशपथ. पण तेवढ्यात इंदूने चहा आणला. त्या तीन स्थळांपुढे मान वर न करणारी आमची पोर या मुलापुढे चक्क हसली. त्याने विचारलं होतं, तुम्हीही गुण देता का, आणि ती म्हणाली, चहा पिऊन झाल्यावर सांगते. मामा, दोन वर्षांनी तिला हसताना पाहिलं आणि माझं तोंड आपोआप मिटलं. दोघं एकमेकांना पसंत आहेत. सौ. शालन त्या दिवसापासून कामं करताना गुणगुणते आहे. मला फार बरं वाटतं आहे, एवढंच लिहितो.

तुमचा आज्ञाधारक
सोपान

ता. क. : मुलाची पत्रिका सोबत जोडली आहे. तुम्ही दिलेल्या पंचांगावरून मी गुपचूप गुण काढले. अकरा आले आणि नाडीला शून्य. तरी कृपा करून तुमच्या अक्षरात 'बावीस' असं लिहून पाठवावं. जन्मात पुन्हा काही मागणार नाही.

पुन्हा ता. क. : पाकीट चिकटवत होतो तोच आक्काबाई इंदूच्या चोळीचं माप घ्यायला आल्या. शालनला काय म्हणाल्या ते मी दाराआडून ऐकलं, तसंच्या तसं लिहितो. "विहीणबाई, आमी चौथीपातूर शिकलोय. कागद आला तवाच समदा वाचला. पर वखारवाल्यांची पोर लग्नाची हाय ह्ये ठावं हुतं, आन् आमच्या ज्योतीरामाचं पाच जागी नाडीवर मोडलं हुतं. म्हटलं, ह्या कागदात नाडी आडवी हाय ती विक्रीकराची, पोरांची न्हाई. आता तुमच्या मामांस्नी सांगा, बावीसच लिवा."

तेव्हा मामा, ही विनंती आता माझी एकट्याची राहिली नाही, वरपक्षाचीही आहे. चिटणिशीचा राजीनामा आजच देतो आहे. चिटणीस निःपक्ष हवा, आणि मी आता वधूपक्ष आहे.