लॅमिनेट केलेलं लसीचं कार्ड

वर्तकनगर, ठाणे
१८ मे २०२६

प्रिय सुदेश,

काल, रविवार, १७ मे, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, तुमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या हॉलमध्ये फ्लूच्या लसीच्या रांगेतून तू माझ्या बहिणीला हाताला धरून बाहेर काढलंस. नर्सने कार्ड मागितलं, तर तू ते लॅमिनेट करून आणलेलं! गेल्या मेमधल्या एकुलत्या एक तारखेवर प्लास्टिक चढवलेलं. यंदाची नोंद कुठे करू, असं तिने विचारलं, तर वर हसलास, ‘‘सिस्टर, झालीय ना एकदा? परत कशाला टोचायचं?’’ आधार, रेशनकार्ड, मार्कशीट, हाती येईल ते लॅमिनेट करतोस. आईची प्रतिकारशक्तीही तशीच कायमची झाली, असं वाटलं का?

तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं आणि सख्ख्या भाच्याला इतकंही कळू नये! फ्लूचा विषाणू स्वतःच्या नकला काढतो, त्याही तुझ्या दहावीच्या जर्नलसारख्या, घाईघाईत, न तपासता. बहुतेक चुकांनी नक्कल वायाच जाते. पण एखाद्या चुकीने त्याचं बाहेरचं रूप असं बदलतं, की गेल्या वर्षी त्याला ओळखायला शिकलेलं शरीर यंदा फसतं. मग तीच नक्कल टिकते, पसरते. यात त्याची अक्कल शून्य, तरी तो बदलतो. तू बेचाळीस वर्षांत बदलला नाहीस. विषाणू असा बदलतो, म्हणून तर दर वर्षी लस नव्याने ठरवतात. नीलाताईला दमा आहे आणि पावसाळा तोंडावर आलाय, हे तुला दिसत नाही?

हॉलच्या पायऱ्यांवर उलट मलाच ऐकवलंस, ‘‘मावशी, आनंदकाका लस घेऊनही गेलेच ना?’’ मी पर्समध्ये चष्मा शोधू लागले. ते पाहून ताईच म्हणाली, ‘‘चल रे घरी.’’

त्यासाठीच हे पत्र. तुझ्या काकांनी, माझ्या नवऱ्याने, ते फ्लूने गेले त्या वर्षी लस घेतलीच नव्हती. गेल्या वर्षीची आहे की, म्हणाले. मला पेपर तपासायचे होते. म्हटलं, बरं, पुढच्या वर्षी बघू. शिकवणारी मी! लाज वाटली, म्हणून सगळ्यांना सांगितलं, घेतली होती. घेतली असती तर वाचले असते का, कुणीच सांगू शकत नाही. पण माझ्या खोटेपणावर विसंबून ताईने लस नाकारू नये. हे पत्र तिला वाचून दाखव, एकही ओळ न गाळता. लस कुठे, कोणत्या तारखेला देणार, ते शुक्रवार, २२ मे, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. मोबाइलवर नुसता अंगठा पाठवलास, तर ते उत्तर मी धरणार नाही.

तुझीच,
मावशी