वाढत्या अंगाचं धनुष्य

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, ७ सप्टेंबर २००८

तीर्थरूप त्र्यंबकमामा आणि मामी,

तुमच्या भाच्याचा अमेरिकेतून साष्टांग नमस्कार. (साष्टांग हे सवयीने लिहिलं. कमरेत उसण भरल्यामुळे सध्या सगळे नमस्कार मी उभ्यानेच घालतो. कारण पुढे येईलच.) मामींची साखर आटोक्यात आहे ना? मामा, तुमचा गुडघा जिने चढू देतो का? मोठ्या शाळेने यंदा गणवेशाचा रंग बदलला असं ऐकलं, म्हणजे तुमच्या दुकानाच्या माळ्यावर जुन्या रंगाचे गठ्ठे पडून असणार. त्याचं फार वाईट वाटलं. इकडे आम्ही तिघं खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

मुख्य गोष्ट तुम्हाला फोनवर सांगितलीच आहे. ऑफिसात माझं काम डिसेंबरपर्यंत, व्हिसाची सहा वर्षंही तेव्हाच संपतात, आणि नाताळच्या सुमाराला आम्ही सामानसुमानासकट कराडला तुमच्या दारात. हे तुम्हाला माहीत आहे, सीमाला माहीत आहे, इलाला माहीत नाही. मे महिन्यापासून रोज संध्याकाळी मी 'आज सांगतोच' असं ठरवून ऑफिसातून निघतो आणि घरी येऊन मुकाट्याने मेथी निवडत बसतो. या चार महिन्यांत आमच्याकडे मेथी जितकी झाली तितकी कुठल्याही घरात झाली नसेल.

सांगवत नाही त्याचं कारण केसी. न्यू जर्सीतल्या एडिसनहून इथे आल्यावर आमची पोरगी दोन वर्षं शाळेत एकटी डबा खात होती. विचारलं की 'आय ॲम फाइन' म्हणायची, आणि बारा वर्षांची मुलगी आपण फाइन आहोत असं म्हणते तेव्हा बापाला झोप लागत नाही. मग वर्गात ही केसी आली. तिचे वडील डॅरल विजेच्या तारा दुरुस्त करतात आणि दर वर्षी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतात. (हे वाक्य मामींना वाचून दाखवू नये. त्यांना 'मैदानी खेळ' असं सांगावं.) त्यांच्याकडे वडील मुलांना घेऊन मोसमाच्या पहिल्या शनिवारी पहाटे झाडावर जाऊन बसतात, आपण जसं लक्ष्मीपूजनाला एकत्र बसतो तसं. दोघी मैत्रिणींचं मार्चमध्येच ठरलं की यंदाच्या पहिल्या शनिवारी शेजारशेजारच्या झाडांवर आपापल्या बाबांबरोबर बसायचं. इलाने जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबा, मला एक बो हवा. चीप चालेल." आता मला सांगा, तिला हा एकच मोसम मिळणार आहे हे मला माहीत असताना मी नाही कसं म्हणणार? मी तर शिकारीचा परवानासुद्धा काढला. त्यासाठी दहा-दहा वर्षांच्या पोरांमध्ये बसून सुरक्षिततेचा वर्ग केला आणि त्यांच्यापेक्षा कमी मार्कांनी पास झालो.

जूनमध्ये आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, गळ्यात टेप, नाकाच्या टोकावर चष्मा. आपल्याच दुकानात आल्यासारखं वाटून मला गहिवरून आलं. त्याने इलाला भिंतीशी उभं करून दोन्ही हात पसरायला लावले, या मधल्या बोटापासून त्या मधल्या बोटापर्यंत मापलं, अडीचने भागलं आणि चोवीस इंच म्हणून सांगितलं. म्हणजे दोरी चोवीस इंच मागे ओढायची, आणि धनुष्य नेमकं त्याच मापाचं हवं. शिवाय ओढायला जोर किती लागतो तेही बघायचं, ते पौंडात मोजतात. इलाला पंचवीस पौंड जमत होते. हरणासाठी निदान पस्तीस हवेत असं डॅरलचं म्हणणं. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग त्याने मला विचारलं की हे धनुष्य किती वर्षं पुरायला हवं.

खरं उत्तर होतं, सहा महिने. पण इला माझ्या कोपराला चिकटून उभी होती. मी म्हणालो, पाच वर्षं.

आणि एकदा पाच वर्षं म्हटल्यावर, मामा, तुमच्या गल्ल्यामागे दहा उन्हाळे काढलेला माणूस दुसरं काय करणार? 'वाढतं अंग आहे, दोन इंच सोडा' हे मी तुमच्याकडूनच शिकलो. (दहावीपर्यंत माझी एकही चड्डी मला त्या वर्षी बसली नाही. ती पुढच्या वर्षी बसायची, आणि तोवर फाटायची.) मी म्हाताऱ्याला म्हटलं, वाढत्या अंगाचं दाखवा. तो म्हणाला, धनुष्य वाढत्या अंगाचं घेत नाहीत, आजच्या अंगाचं घेतात. मी हसलो. तो हसला नाही. चोवीस इंची, पुढे जराही वाढवता न येणारं धनुष्य त्याने काउंटरवर ठेवलं, आणि मी इतकं आखूड माप बघून इलाचा हात धरून बाहेर पडलो.

पुढच्या शनिवारी एका गराज सेलमध्ये (म्हणजे लोक घरातलं जुनं सामान दारात मांडून विकतात तिथे) मला एक भव्य धनुष्य मिळालं. एकोणतीस इंची, पन्नास पौंडी. विकणारा साडेसहा फूट उंच होता आणि इलाकडे बघून त्याने मला दोनदा विचारलं की तुम्हाला नक्की हेच हवं आहे का. घरी आल्यावर इलाने ती दोरी जीव खाऊन ओढली. दोरी चार बोटं सरकली आणि परत गेली. मग सीमाने धनुष्य पोटाशी धरलं, मी दोरी ओढली, आणि इलाने मला मागून ओढलं. या पद्धतीने तीन माणसांत मिळून धनुष्य पूर्ण ताणलं गेलं, पण हरणाने एवढा वेळ थांबायला हवं. शिवाय परत सोडताना माझ्या कमरेत काहीतरी कटकन झालं. ती ही उसण. डॉक्टरने कशामुळे झालं असं विचारलं, तर सीमाने सांगितलं, "हट्टामुळे."

मग मान खाली घालून पुन्हा म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने एक जुनं धनुष्य काढून दिलं, त्याचं माप आणि जोर दोन्ही स्क्रूने कमीजास्त करता यायचे. हे चांगलं निघालं. सगळा जुलै आणि ऑगस्ट इलाने डॅरलच्या परसात गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारले. दर रविवारी पाव फेरा स्क्रू पिळायचा. सत्तावीस, तीस, बत्तीस, आणि ऑगस्टअखेर पस्तीस. त्या दिवशी तिने मला दंडाची बेडकी काढून दाखवली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन मेथी काढली. इतकी खूश असताना कसं सांगणार? सीमाचं म्हणणं, नाखूश असताना तरी कुठे सांगितलंस.

काल आमच्याकडे गणपतीच्या आरतीला मंडळी होती. त्यांत माझ्या ऑफिसातला शशिकांत, नागपूरचा, मोठ्या हुद्द्यावरचा, शांत माणूस. आरती झाली, मोदक झाले, आणि त्याला कोपऱ्यात धनुष्य दिसलं. आता या धनुष्यांचा एकच कडक नियम असतो, तो मी वर्गात शिकलो होतो: बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी कधीही सोडायची नाही. बाण नसला की तो सगळा जोर धनुष्याच्याच अंगात शिरतो. पण आपल्या पिढीने लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीपुढे बसून धनुष्याचं जे शिक्षण घेतलं, त्यात वीर आधी रिकामी दोरी ओढून टणत्कार करतो आणि मग तिन्ही लोक कापतात. शशिकांतने पाट सरकवून पवित्रा घेतला. मी ताट ठेवून 'अरे' म्हणेपर्यंत त्याने दोरी कानापर्यंत नेऊन सोडली. वरचं पातं उभं चिरलं, दोरी तुटून साखरेच्या डब्यावर बसली, आणि तिन्ही लोक नाही तरी आमचे सतरा पाहुणे कापले. कुणाला लागलं नाही ही बाप्पाची कृपा. शशिकांतचा चेहरा पांढरा पडला होता. "सॉरी यार रवी," तो म्हणाला, "मला वाटलं नुसतं वाजेल."

इला रडली नाही. तिने तुकडे गोळा करून वर्तमानपत्रात बांधले आणि म्हणाली, "इट्स ओके, काका." मामा, ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

शनिवारला सहा दिवस आहेत. म्हाताऱ्याला फोन केला. त्याच्याकडे दोन आहेत. एक नवं, पंचवीस इंचांपासून तीस इंचांपर्यंत वाढवता येणारं, ते आमच्या ऐपतीच्या जरा पलीकडचं. दुसरं वापरलेलं, स्वस्त, पंचवीस इंची, पस्तीस पौंडी, पुढे काही वाढत नाही. (उन्हाळ्यात तिचं माप इंचभर वाढलं.) अक्कल म्हणते दुसरं घे. पण ते घेतलं की इला विचारणार, बाबा, पुढच्या वर्षी काय? आणि मग डिसेंबरचं सांगावंच लागेल. मापाच्या बाबतीत तुमच्याइतका जाणता माणूस मला दुसरा माहीत नाही, म्हणून हे सगळं लिहिलं. मामींना नमस्कार, दुकानातल्या मंडळींना आठवण.

तुमचा,
रवींद्र

ता. क. मापाचं विचारायला मी चार पानं लिहीत नाही, हे तुम्ही ओळखलंच असेल. मामा, इलाला तुम्ही सांगाल का? 'तुझं माप आमच्याकडे नाही' हे तुम्ही आयुष्यभर पोरांना असं सांगत आलात की ती रडता रडता चिंचेची गोळी घेऊन घरी जायची. शनिवार उलटला की फोन करा आणि डिसेंबरचं सांगा. मला जमत नाही. मी भित्रा आहे.

ता. क. दुसरा, रविवार १४ सप्टेंबर. पाकीट आठवडाभर गाडीतच राहिलं, तिकिटं आणायला विसरलो. सोमवारी दुकानात गेलो होतो. मी अर्थातच नव्या धनुष्याला हात घातला, तर इलाने ते माझ्या हातातून काढून परत ठेवलं आणि स्वस्तातलं उचललं. म्हणाली, "हे आत्ता बसतंय, बाबा." मला वाटलं, पोरगी माझ्या खिशाचा विचार करते आहे. काल पहाटे आम्ही झाडावर चढलो. मी उसणीसकट, दोन पट्टे बांधून, खाली न बघता. तिथे बोलायचं नसतं, हलायचं नसतं, शिंकायचंही नसतं. उजाडता उजाडता इला माझ्या कानाशी आली आणि कुजबुजली, "बाबा, मला डिसेंबरचं माहितेय. जुलैमध्येच कळलं. आई फोनवर आजीशी बोलत होती." मी तिच्याकडे वळायला गेलो तर तिने माझा गुडघा दाबून धरला, हरीण येईल म्हणून. मग म्हणाली, "तू सारखा फाइव्ह इयर्स, फाइव्ह इयर्स म्हणत होतास ना, यू लुक्ड सो हॅपी. मग मी नाही बोलले."

हरीण आलं की नाही, मला सांगता येणार नाही. मला काहीच दिसत नव्हतं. इला म्हणते एक आलं होतं, पाणी पिऊन गेलं, आणि मी नाक ओढल्यामुळे ते गेलं असं तिने डॅरलला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मामा, फोन नक्की करा. पण तिला काही सांगू नका. पोरांना सांगायचात तसं मला सांगा.